गाडी तापते म्हणजे नेमकं काय होतं?

नेहमीप्रमाणे, ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे हेडफोन सापडत नाहीयेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं होतं, ते बरंचसं काढलंय. काही राहिलंय, चालवून घ्या.

आजचा विषय आहे जुन्या गाडीचं इंजिन तापणं. तुमच्यापैकी अनेकांनी रस्त्याच्या कडेला बोनेट वर करून वाफ सोडत उभी असलेली गाडी फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल. तुमच्या आईवडिलांना विचारा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खोपोली सोडून घाट चढायला लागलं की असं दृश्य वळणावळणाला दिसायचं. गाडीत पाण्याचा कॅन असणं ही स्टेपनीइतकीच गरजेची गोष्ट होती.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बिघाड शोधणं हेच रोजचं काम. पण या विषयात शिरल्यावर एक गोष्ट मला फार आवडली. जुन्या गाडीत उष्णता काढून टाकण्यासाठी जेवढे सुटे भाग आहेत, त्यातला प्रत्येक भाग आधीच्या पिढीच्या कुठल्यातरी अडचणीवर काढलेला तोडगा आहे. आणि प्रत्येक तोडग्याने स्वतःचा एक नवा बिघाड सोबत आणलाय. त्यामुळे गाडी का तापतेय हे शोधायचं असेल, तर तो इतिहास माहीत असणं उपयोगी पडतं. कसं, ते सांगतो.

सुरुवात १८८६ पासून. कार्ल बेंझची तीन चाकी मोटारगाडी. या गाडीचं इंजिन तापायचं का? हो, आणि त्यातलं पाणी उकळायचंसुद्धा. ते उकळावं अशीच रचना होती! सिलिंडरभोवती पाणी, ते उकळून वाफ होऊन उडून जाणार, आणि जाताना उष्णता घेऊन जाणार. ऐकायला गावठी वाटतं, पण हिशोब बघा. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सात-आठ पट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे थंड करण्याची पद्धत म्हणून उकळणं जबरदस्त आहे. अडचण एकच, पाणी संपतं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्लची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला या गाडीतून निघाली. शंभरहून जास्त किलोमीटर. तिने तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेने साफ केली, वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, हे किस्से सगळीकडे सांगितले जातात. त्यामानाने कमी सांगितला जाणारा भाग म्हणजे वाटेत तिला सारखं पाणी भरावं लागत होतं. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा एका अर्थाने पाणी शोधत केलेला प्रवास होता. आपल्या घाटातल्या कॅनची पणजीच म्हणा ना.

मग पुढचा प्रश्न आला. तेच पाणी फिरवून पुन्हा वापरता येईल का? फिरवायचं तर वाटेत ते थंड व्हायला हवं. इथे येतो विल्हेल्म मायबाख. १९०० साली त्याने डाइमलरसाठी जी गाडी तयार केली, तिला ३५ हॉर्सपॉवरची पहिली मर्सिडीज म्हणतात. एमिल येलिनेक नावाच्या धनिकाने ती मागवली आणि आपल्या मुलीचं नाव तिला दिलं. नीस शहराजवळच्या डोंगरी शर्यती त्याच्या डोक्यात होत्या. म्हणजे इथेही घाटच! मायबाखने त्या गाडीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. चौकोनी तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या, प्रत्येकीचं तोंड ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर. नळ्यांतून हवा, नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. पाणी लागायचं जेमतेम नऊ लिटर, आधीच्या व्यवस्थेच्या साधारण निम्मं.

हा तोडगा. आता याचा बिघाड काय? बारीक वाटा म्हणजे तुंबणाऱ्या वाटा. रेडिएटर तुंबणे हा आजार मायबाखच्या हुशारीबरोबर जन्माला आला.

त्यानंतर फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७, दीड कोटींच्या आसपास गाड्या. अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांना पाण्याचा पंप होता. मग फोर्डने तो काढून टाकला. गरम पाणी हलकं असतं, वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येतं, परत इंजिनात जातं. याला थर्मोसायफन म्हणतात. हलणारा भाग शून्य, म्हणून बिघडणारा भागही शून्य. मला फोर्डचा हा निर्णय अत्यंत आवडतो, कारण भाग कमी करून सुधारणा करणं फार कमी लोकांना जमतं. फक्त एक अट होती. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाच्या खाली गेली की चक्र तुटतं आणि फिरणं पूर्ण थांबतं. रेडिएटरमध्ये पाणी तर आहे, तरी गाडी तापते! मॉडेल टी तापली तर पहिला प्रश्न "पाणी आहे का" असा नसून "पाणी कुठपर्यंत आहे" असा असतो.

पुढचं पटकन सांगतो. इंजिनं जोरकस झाली तसा पंप परत आला आणि त्याला फिरवायला बेल्ट. थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून थर्मोस्टॅट आला. मेण वितळलं की फुगतं आणि झडप उघडते, हा सर्जियस व्हर्नेटचा १९३०च्या दशकातला शोध, आजही जवळपास तसाच चालतो. आणि मग आलं दाब धरणारं झाकण. हे प्रेशर कुकरचंच तत्त्व. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही. सात पौंडांचं झाकण असेल तर साधारण १११ अंशांपर्यंत दम धरतं.

इथे एक मिनिट थांबा, कारण ही गोष्ट जिवाशी आहे. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. आत १०० अंशांच्या वरचं पाणी केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलेलं असतं. झाकण सैल केलं की दाब जातो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तुमच्या तोंडावर येतं. अर्धा तास, पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताला सहन होईल इतका गार होऊ द्या. मग जाड फडकं ठेवून, हळूहळू. आणि तापलेल्या इंजिनात बर्फाचं पाणी ओतायचं नाही. का नाही ते पुढे येतंय.

आता आपल्याकडे येऊ. कुर्ला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स, १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली. वालचंद मूळचे सोलापूरचे. गाड्यांच्या आधी ते बांधकामातले माणूस होते आणि बोरघाटातून जाणाऱ्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीने केलं होतं. म्हणजे ज्या डोंगराने पुढे त्यांच्या कारखान्यातल्या गाड्यांचा घाम काढला, तो डोंगर त्यांनी आधीच पोखरून पाहिला होता! असे योगायोग इतिहासात सापडले की मला उगाच आनंद होतो.

१९६४ पासून इथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तीच पुढे नाव बदलत बदलत पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी. १,०८९ सीसीचं इंजिन. ब्लॉक बिडाचा, पण वरचं हेड ॲल्युमिनियमचं. हे लक्षात ठेवा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इंजिन बेफाम तापलं की हेड एकीकडे ताणतं, ब्लॉक दुसरीकडे, आणि मधली हेड गॅस्केट बिचारी चेंगरते. हेड वाकडं होतं. त्यात कुणी वरून गार पाणी ओतलं तर तडासुद्धा जाऊ शकतो. त्या काळातली दुसरी गाडी, ॲम्बॅसडर, तिचं हेडही बिडाचं. जड, पण सहनशील. म्हणून एखादी ॲम्बॅसडर दोनदा उकळूनही परत रस्त्याला लागायची, तर फियाटवाल्याला एका उकळीत मोठा खर्च यायचा.

आता बोरघाटाचा हिशोब करू. मला हिशोब आवडतात, तुम्हाला नसतील तर एक परिच्छेद पुढे जा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत ढोबळमानाने ५०० मीटर चढाई. गाडी आणि पाच माणसं मिळून १,२५० किलो धरू. एवढं वजन एवढं वर उचलायला सहा मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा पाव भागसुद्धा चाकापर्यंत मुश्किलीने पोचतो. उरलेली अर्धीमुर्धी धुरातून जाते आणि जवळपास चाकाइतकीच, बऱ्याचदा जास्त, पाण्यात येते. म्हणजे नुसत्या चढाईपायी पाण्यात निदान सहा-सात मेगाज्यूल ओतले गेले. पाच लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला यायला दीड मेगाज्यूल पुरतात. थोडक्यात, रेडिएटरने काहीच केलं नाही तर वीस-पंचवीस मिनिटांच्या घाटात ते पाणी चार वेळा उकळीला येईल. शिवाय खंडाळ्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं, तो वेगळा त्रास. घाट हा रेडिएटरचा परीक्षा हॉल आहे. वर्षभर शहरात लपलेला दोष तिथे बाहेर येतो. वाटेतल्या शिंग्रोबाच्या देवळात ड्रायव्हर नाणं का टाकायचे, हे मला या गणितानंतर नीट कळलं.

आता एक खरी केस. माझ्या मामाकडे आजोबांनी घेतलेली १९६८ ची डिलाइट आहे. पन्नास वर्षांच्या वरची, म्हणजे सरकारी व्याख्येतही विंटेज. ही गाडी पुण्यात फिरताना ठीक असायची. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, मे महिन्यातसुद्धा. पण हायवेवर साठच्या पुढे दहा मिनिटं गेली की काटा वर. एका गॅरेजने नवा फॅन बेल्ट टाकला. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक शून्य.

मग मामा तिला एका जुन्या मेकॅनिककडे घेऊन गेला. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्य टॅक्सींमध्ये गेलेलं. मीही सोबत होतो. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "शेठ, तापते कधी ते सांगा. उभ्याने तापते, का पळताना?"

मामा म्हणाला, "पळताना. उभी असली की काही नाही."

"मग फॅनच्या नादी कशाला लागले? उभ्या गाडीला फॅन वारा घालतो. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो. फुकटचा वारा असून तापते, म्हणजे हवा बरोबर आहे, पाणी फिरत नाही."

मला हे वाक्य ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एका प्रश्नात त्यांनी अर्धी गाडी संशयितांच्या यादीतून बाहेर काढली. ट्रॅफिकमध्ये तापते तर हवेकडे बघा: फॅन, बेल्ट, रेडिएटरच्या पंख्यांत अडकलेला कचरा. वेगात तापते तर पाण्याकडे बघा: तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, किंवा खालचा होज पाइप, जो आतून सडला की पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि गाडी बंद केली की परत गोल, म्हणजे पुरावाच गायब! आणि सुरू केल्यावर पाच मिनिटांतच तापते, होज दगडासारखे कडक होतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. थंड इंजिनाचं झाकण काढून चालू करायचं. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय.

आमच्या गाडीत बुडबुडे नव्हते. खालचा होज रेस दिल्यावरही गोल होता. इंजिन गरम करून बंद केलं, आणि मला म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना? लावा हात." मी माझं इन्फ्रारेड थर्मामीटर काढलं, ते हसले. पण आकडे त्यांच्या तळहाताशी जुळले. रेडिएटर वरून सगळीकडे गरम, मधल्या भागात मात्र दोन मोठे गार पट्टे. ज्या नळ्यांतून पाणी जातच नाही त्या गरम कशा होणार? मायबाखचा आजार.

रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे गेला. तांब्या-पितळेचा असल्यामुळे वरची टाकी डाग सोडवून उघडता येते, एकेका नळीतून सळी घालून गाळ काढता येतो आणि टाकी परत डाग देऊन बसवता येते. आजच्या प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला हे भाग्य नाही, तो सरळ बदलायचा. आतून काय निघालं? गंज आणि पांढरा क्षार. पुण्यातलं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतल्याचा परिणाम. गीझरच्या कॉइलवर जमतो तोच थर. थर पातळ असला तरी उष्णतेला अडवायला पुरतो. म्हणून रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट टाका, जे गंजही थोपवतं.

गाडी हायवेवर ठीक झाली. पण खंडाळ्याला नेली तर काटा परत सरकला. आधीइतका नाही, तरी सरकला.

दुसरा दोष पाण्यात नव्हताच. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट. या जुन्या गाड्यांत ठिणगी कधी पडायची हे एक यांत्रिक स्विच ठरवतो. त्याचा फायबरचा तुकडा कॅमवर घासून घासून झिजतो, पॉइंटमधली फट कमी होते, ते उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टपर्यंत जळत जातं. ताकद कमी, उष्णता जास्त. ताकद कमी म्हणून आपण ॲक्सिलरेटर अजून दाबतो, आणि हे चक्र चालूच. काकांनी फिलर गेजने फट लावली, टायमिंग पुढे घेतलं. म्हणाले, "टायमिंग मागे पडलेली गाडी कितीही पाणी पिईल."

त्यांनी एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक बदलानंतर गाडी त्याच रस्त्यावर नेऊन पाहिली. आधीच्या गॅरेजांनी लक्षण ऐकून सुटे भाग बदलले होते.

थर्मोस्टॅटचं काय केलं, हे मला बरेच जण विचारतील. आपल्याकडे "थर्मोस्टॅट काढून टाका, इंडियात कशाला लागतो" हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आलाय. त्याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. मुंबईत बर्फ पडत नाही. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट टॅक्सीवाल्याचा दिवस आणि हेड दोन्ही घालवू शकतो. बारा तास चालणाऱ्या टॅक्सीत तो काढणं हा धंद्याचा हिशोब होता. पण आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत तो नसला की इंजिन नीट तापायलाच वेळ लागतो, तेलात ओल राहते, झीज वाढते, पेट्रोल जास्त जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खरा दोष काही महिने झाकला जातो. काकांनी नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यात पाण्यात टांगून, गॅसवर तापवून, तो कधी उघडतो ते पाहिलं आणि मगच बसवला. ही चाचणी तुम्ही घरी करू शकता. पातेलं मात्र आईचं घेऊ नका.

आता या गाड्यांसमोर एक नवीन गोष्ट आलीय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. नव्या गाडीतला कॉम्प्युटर ते ओळखून इंधन वाढवतो. १९६८ च्या कार्ब्युरेटरला कोण सांगणार? तो जुन्याच मापाने इंधन देतो, मिश्रण पातळ होतं. तेव्हा पाणी, हवा, टायमिंग सगळं तपासून झाल्यावरही गाडी चढावर अडखळत असेल, तर कार्ब्युरेटरचा जेट आणि रबरी नळ्या बघा. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. त्या हिशोबाने २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. बातम्यांमध्ये गाडीचे फोटो आले, लोकांनी रील बनवले. त्या टॅक्सींवर हात बसलेली माणसं मात्र कुठल्या रीलमध्ये दिसली नाहीत. काकांचा मुलगा मोबाइल दुरुस्ती करतो. रेडिएटरवाल्याकडे डाग देणारा एकच कारागीर उरलाय, आणि मामाने पुढच्या उन्हाळ्याआधी पाण्याचा पंप खोलून घ्यायचं त्याच्या शेजारच्या लेथवाल्याशी आत्ताच ठरवून ठेवलंय.

तुमच्या घरी, इमारतीत, गावाकडे कुठे अशी जुनी गाडी असेल आणि ती तापत असेल, तर ती कधी तापते ते लिहून पाठवा: उभ्याने, पळताना, की चढावर. पुढच्या भागात आपण ब्रेककडे वळतोय, कारण घाट चढून झाला की उतरायचाही असतो. भेटू!